रानातला तेरडा घरी लावायचा असेल तर

गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात ना, मुळासकट उपटलेल्या, त्या बघून दरवर्षी वाटतं की हे तर आपल्या अंगणात नाहीतर गॅलरीत सहज येणारं झाड आहे, लोक लावत का नाहीत?

आधी ओळख. खोड बघा, पाणीदार, जरा पारदर्शक, खाली बऱ्याचदा लालसर आणि पेरांशी फुगलेलं, वाकवलं की कचकन मोडतं. पानं लांबट, टोकदार, कडा कात्रेदार आणि एकाआड एक. पानं जर समोरासमोर जोडीनं असतील तर तो दुसरा तेरडा, साताऱ्याजवळच्या कास पठारावर गुलाबी गालिचा दिसतो त्यात तो भरपूर असतो. फूल पानाच्या बगलेतून बारीक देठावर लोंबतं, मागे बाकदार शेपटीसारखी नळी असते, मध तिच्यात. आणि लव असलेली, दोन्हीकडे निमुळती बोंडं. पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते फट्‌कन फुटतं, मग शंकाच नको.

नर्सरीत मिळतो तो गुलाबासारखा भरगच्च पाकळ्यांचा तेरडाही हाच, फक्त माणसांनी निवडून निवडून तसा केलेला. दिसतो छान, पण मला एकेरी रानटीच आवडतो, त्यावर मधमाश्या जास्त येतात असं माझं मत.

रोप उपटून आणू नका, बी आणा, तेही रस्त्याकडेच्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरच्या झाडाचं, कासला वगैरे हात लावायचा नाही. खरं कसब इथेच आहे कारण बोंड हिरवंगार असताना तोडलं तर बी कच्चं, आणि एक दिवस उशीर झाला की सगळं बी उडून गेलेलं. पावसाळा सरताना बोंडं फुगून फिकट पिवळट झाली की अख्खं बोंड मुठीत धरूनच तोडा, फुटू दे मुठीतच. रोज जाणं जमत नसेल तर जुन्या ओढणीच्या तुकड्याची सैल पिशवी बोंडांवर बांधून ठेवा. आतलं बी तपकिरी हवं, पांढरं असेल तर उपयोग नाही. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते.

पेरणी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, कारण फुलायला साधारण दोन महिने लागतात आणि गौरी ऑगस्टअखेर नाहीतर सप्टेंबरात असतात. माती आणि शेणखत, निचरा चांगला, बी फार खोल नको, वर मातीचा पातळ थर बास. रोपं चार पानांवर आली की वीतभर अंतर ठेवून विरळ करा, कुंडी आठ इंची असेल तर एकच ठेवा. सकाळचं ऊन मिळालं तर उत्तम. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतत बसू नका, आधी मातीत बोट घालून बघा, कारण पाणी साचलं की खोड खालून कुजतं आणि मग काही करता येत नाही.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलापुरतं, झाड महिनाभर तरी फुलत राहतं. पानं कुरतडलेली दिसली तर शेपटीवर काटा असलेली जाडजूड अळी शोधा, पतंगाची असते, मी तिला राहू देते, तुम्हाला नको असेल तर उचलून दुसऱ्या झाडावर ठेवा. पानांवर पांढरी भुरी आली तर ती पानं काढून टाका, नाहीतरी पावसानंतर झाड वाळणारच आहे. त्याआधी दोन-चार बोंडं झाडावरच फुटू द्या आणि कुंडीतली माती हलवू नका, पुढच्या जूनमध्ये रोपं आपोआप उगवतील, दाट आली तर शेजारी वाटा.