ऑपरेटरच्या परीक्षेला बसताय? आधी टक्के बघा

पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टर प्लांटवर सात वर्षं शिफ्ट केल्यावर मी ऑपरेटरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसलो आणि दोन मार्कांनी आपटलो. ते दोन मार्क कुठे गेले ते पक्कं ठाऊक आहे. ५ एमएलडीचा (दिवसाला ५० लाख लिटरचा) प्लांट, क्लोरीनचा डोस २ पीपीएम (लिटरला २ मिलीग्रॅम), टीसीएलमध्ये (ब्लीचिंग पावडरमध्ये) उपलब्ध क्लोरीन २५ टक्के, तर दिवसाला टीसीएल किती? मी ५ गुणिले २ केलं, १० किलो लिहिलं आणि पुढे गेलो. पर्यायांत १० होतंच. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. बरोबर उत्तर १० भागिले ०.२५, म्हणजे ४० किलो.

चुकलो कारण आमच्याकडे टनर (क्लोरीन गॅसचं मोठं भांडं) आहे. गॅसला एमएलडी गुणिले पीपीएम केलं की थेट किलो येतात, टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. हात तसाच बसला होता. तुमच्याकडेही गॅस असेल तर तुम्हीही चुकणार, म्हणून हे लिहितोय.

कागदपत्रं तुम्हाला माहीत आहेत. फक्त अनुभवाच्या दाखल्यावर तारीख आणि शिक्का दोन्ही आहेत का ते बघा. साहेब सही करतात आणि शिक्का राहतो.

एरिएटर, फ्लॅश मिक्सर, क्लॅरिफ्लोक्युलेटर, फिल्टर, शुद्ध पाण्याची टाकी हा पाणी शुद्ध होण्याचा क्रम वाचत बसू नका, रोज त्यावरूनच चालता. पाठ करायचे ते आकडे. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. पीएच ६.५ ते ८.५. टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० आणि २०००. नायट्रेट ४५, फ्लोराइड १ आणि १.५. उरलेलं क्लोरीन किमान ०.२, संपर्कवेळ अर्धा तास. ई. कोलाय १०० मिलीत एकही नको. पीएच सोडून जोडीने दिलेल्या आकड्यांत पहिला इष्ट, दुसरा नाइलाजाचा; प्रश्न नेमका कोणता विचारतोय ते शब्द लावून वाचा.

आता गणितं. रोज पाच सोडवा आणि प्रत्येकात आधी टक्क्यांभोवती गोल काढा. टीसीएल असेल तर टक्के. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तरी टक्के. तुरटीचं द्रावण असेल तरी टक्केच. ५ एमएलडीला ३० पीपीएम तुरटी म्हणजे १५० किलो, पण तेच १० टक्क्यांच्या द्रावणातून सोडायचं तर साधारण १५०० लिटर. भागायचं आहे, गुणायचं नाही. घाईत ०.२५ ने गुणलंत तर टीसीएलचं उत्तर २.५ किलो येईल, आणि तेही पर्यायांत असतं. सोपा ताळा असा: माल जितका हलका (म्हणजे टक्के कमी), तितका जास्त लागणार. टीसीएलचं उत्तर शुद्ध क्लोरीनपेक्षा कमी आलं, तर खोडा. तसंही उघड्या पोत्यातलं टीसीएल महिन्याभरात किती उतरतं हे ज्यानं वापरलंय त्याला सांगायला नको.

प्रात्यक्षिकाला जार टेस्ट असतेच: सहा जारमध्ये तुरटीचे वेगवेगळे डोस टाकून योग्य कोणता ते बघायचं. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिली एक लिटरच्या जारमध्ये गेला की १० पीपीएम. सहाही जारमध्ये एकाच वेळी टाकायला बघा. आधी एक मिनिट जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग थांबवून बसू द्या. इथे घाई नको. गाळाचे गोळे मोठे दिसले म्हणून तोच जार निवडू नका, वरचं पाणी टर्बिडिटी मीटरवर लावा. काचेची कुपी पुसून मगच आत ठेवा. माझ्या शेजारच्यानं बोटांचे ठसे तसेच ठेवले आणि मीटर भलताच आकडा दाखवत राहिला. बिचारा मीटरलाच शिव्या देत होता.

क्लोरीन टेस्टला ओटी (ऑर्थोटॉलिडिन) या रसायनाचा पिवळा रंग सवयीचा असेल, पण बऱ्याच ठिकाणी आता डीपीडी हे रसायन आहे, त्याचा रंग गुलाबी येतो. एक मेख लक्षात ठेवा: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी क्षणभर चमकून उडून जातं आणि पाण्यात काहीच नाही असं वाटतं. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा बघायचा.

क्लोरीन गळतीवर तोंडी परीक्षेत विचारतातच, आणि इथे चुकलात तर परीक्षकांचा चेहरा बदलतो. अमोनियात भिजवलेला बोळा जवळ नेला की पांढरा धूर, तिथे गळती. गळणाऱ्या भांड्यावर पाणी मारायचं नाही, भोक मोठं होतं. गॅस हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून पळायचं वाऱ्याच्या उलट आणि उंचावर. एक्झॉस्ट पंखा खाली जमिनीलगत का, हाही त्याचाच प्रश्न.

बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं): आधी हवा, मग पाणी, हेडलॉस वाढला (फिल्टर तुंबून पाण्याचा दाब घटला) किंवा फिल्टरचं पाणी गढूळ यायला लागलं की. बास.

पंप, व्हॉल्व्ह, लॉगबुक यांवर एक नजर टाका. आदल्या रात्री नाईट शिफ्ट घेऊ नका, बदली मागा. दोन पेनं. साधा कॅल्क्युलेटर चालतो का ते आधी विचारा. मोबाइल आत नेऊ देत नाहीत.

आणि कच्च्या कामाचा कागद मिळाला की नाव लिहायच्या आधी वरच्या कोपऱ्यात मोठ्ठं ‘टक्के?’ लिहा. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. पर्यवेक्षक दोनदा येऊन कागद उलटसुलट बघून गेले, कॉपी आहे का म्हणून.