शेती-तंत्रज्ञानाच्या स्टार्टअपची ओळख घडवताना: लोगो राहू दे, नावाचं बघा

तुमचं यंत्र चालतं, चार गावांत लागलंय, असं धरून चालतो. आधी एक वाक्य लिहा. आमचं होतं: 'उसाला पाणी कधी सोडायचं ते मोबाइलवर कळतं.' त्यात 'एआय' आलं तर खोडा.

आता नाव. 'नाव काहीही ठेवा, काम बोलतं' असं सांगणाऱ्यानं कधी बांधावर माल विकलेला नसतो. माझं दीड वर्ष यात गेलं.

पहिलं नाव इंग्रजी, शेवटी 'अ‍ॅग्रो'. शिरोळ तालुक्यात एका काकांनी विचारलं, "लिटरला कितीला?" आपल्याकडं 'अ‍ॅग्रो' म्हटलं की खत-औषधाचं दुकानच डोळ्यांपुढं येतं.

दुसरं 'वाफसा', म्हणजे रानात हवा तेवढाच ओलावा असणं. शेतकऱ्याला समजवायची गरजच नाही, म्हणून मी हरखलो. पत्रकं छापल्यावर वकिलाकडं गेलो, ही माझी चूक. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ९: मालाचा गुण किंवा उपयोग थेट सांगणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला 'वाफसा' म्हणायचा हक्क उद्या दुसऱ्या कंपनीलाही हवाच की.

तिसरं 'टिटवी'. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं जुनी माणसं सांगतात. मला वाटलं, जमलं. कागलकडच्या एका घरात आजी म्हणाल्या, "टिटवी रात्री वरडली तर आम्ही हाकलतो, आणि तू ती रानात रोवाय निघालास व्हय?" विषय संपला. 'पेरते व्हा' ओरडणाऱ्या पावशाला मात्र कुणी नाक मुरडलं नाही.

म्हणून शब्द रानातला घ्या, पण यंत्राचं काम सांगणारा नको. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला ऐकवा. मग चालू मोटरीशेजारी उभ्या माणसाला फोन लावून नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला लावा. चुकीचं लिहिलं तर नाव बाद, तुम्हाला कितीही आवडलेलं असो.

त्यात टिकलं की ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधा, हे फुकट आहे. नोंदणी माल-सेवांच्या ठरलेल्या वर्गांत होते: सेन्सर आणि मोबाइल अ‍ॅपसाठी वर्ग ९, ऑनलाइन सॉफ्टवेअर सेवेसाठी ४२. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे दर वर्गाला ४,५०० रुपये पडतात. नोंदणी १० वर्षं चालते, पुढं नूतनीकरण. पत्रकं त्यानंतर छापा.

रंग: हिरवा नको, पानाचं चित्र तर नकोच. आमच्या हिरव्या पेट्या उसात दिसेनात. तोडीला दोन कोयत्याखाली गेल्या. आता जोतिबाच्या गुलालाचा रंग वापरतो, चार सऱ्यांवरून दिसतो. अक्षरं जाड, एकाच रंगात छापली तरी वाचता येणारी.

पेटीवर नावापेक्षा मोबाइल नंबर मोठा लिहा. रात्रीच्या लाइटीला पाणी पाजणारा माणूस बॅटरीच्या उजेडात तेवढंच शोधतो.