डिस्कॉर्डवर मराठीत रोलप्ले गेम चालवायचाय? आधी हे वाचा

रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि त्याच्या वतीने पोस्ट लिहीत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. गेम सुरू करणं सोपंय हो, महिन्याभराने तो चालू असणं अवघड. मी तीन चालवले, त्यातले दोन मधेच बंद पडले आणि दोन्ही वेळेला झालं एकच, जो तो दुसऱ्याच्या पोस्टची वाट बघत बसला.

प्लेयर चार-पाच बास. चॅनल तीन पुरेत, एक गोष्टीचा, एक कॅरेक्टर शीटचा, म्हणजे कोणाचं कॅरेक्टर कोण आणि कसं ते लिहायचा, आणि एक ओओसी म्हणजे कॅरेक्टर सोडून गप्पा मारायचा, कारण ऐन भांडणाच्या सीनमध्ये कोणी "जेवून येतो रे" टाकलं की सगळा मूडच जातो. टपरबॉक्स नावाचा बॉट घ्या, त्याने मेसेज कॅरेक्टरच्या नावाने आणि फोटोने दिसतो.

आम्ही घेतला १६६० चा पन्हाळा, सिद्दी जौहरचा वेढा. पहिल्याच दिवशी तिघांना महाराज व्हायचं होतं! मी सरळ नाही म्हटलं. इतिहासातली मोठी माणसं कोणालाच खेळायला देऊ नका, नायतर गेम राहतो बाजूला आणि "महाराज असं बोलले असते का" यावर रात्री दोनपर्यंत वाद. त्यापेक्षा एक पालखीचा भोई, एक धान्याच्या कोठारावरचा कारकून, एक चोरवाटेने गडावर मीठ आणणारा. जुलैच्या पावसात महाराज वेढ्यातून निसटणार हे सगळ्यांना शाळेपासून माहितीये, पण त्या भोयाचं काय होणार ते कोणालाच माहीत नाही ना.

आता तुमची स्वतःची पोस्ट. मी आधी वीस-वीस ओळी धुकं आणि पाऊस लिहायचो, लोक "भारी लिहिलंय" म्हणायचे आणि गप्प, कारण त्यात कोणाला करायला काहीच नसायचं. आता एवढंच लिहितो: "कोठाराचं दार उघडंय. कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने काढलंय." किल्ली कारकुनाकडे असते, म्हणजे त्याला आता बोलावंच लागतं, आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात.

दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं काय झालं ते आपण लिहायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच पिन करा. "मी त्याला ढकललं आणि तो पडला" चालणार नाही, "ढकलायला गेलो" एवढंच, पडायचं का नाही ते तो ठरवेल. अगदीच अडलं तर डाइस बॉट, म्हणजे फासे टाकून देणारा बॉट.

आमच्यातली एक जण न्यू जर्सीला, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, त्यामुळे रोज पोस्ट पाहिजे असलं काही जमत नाही. ४८ तास थांबतो, पोस्ट नाही आली तर ते कॅरेक्टर सीनमध्ये नुसतं मागे उभं राहतं आणि गोष्ट पुढे जाते. रागाच्या भरात मारून टाकू नका, माणूस परत येतो, परीक्षा असते, घरी लग्न असतं.

आणि सुरू करायच्या आधी प्रत्येकाला पर्सनलवर विचारा, गोष्टीत काय अजिबात नको. कोणी का ते सांगणार नाही, विचारूही नका, ते फक्त गाळायचं. दर रविवारी आठवड्यात काय झालं ते पाच ओळीत टाका, मागे पडलेला माणूस तीनशे मेसेज वाचत बसत नाही, तो गुपचूप सर्व्हर सोडतो.