मोबाईलवर गोष्ट वाचताना आवाज आधी बंद करा

लहान मुलांना फोनवर वाचायला द्यायचं तर आधी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा, 2015 पासून आहे आणि फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत. वर फिल्टरमध्ये भाषा मराठी आणि लेव्हल 1 टाका. मुलगी पहिलीत गेली म्हणून लगेच लेव्हल 3 वर उडी मारू नका, एका पानावर दोन ओळी आणि मोठं चित्र एवढंच पुरे.

आता मेन गोष्ट. काही गोष्टींना आवाज पण असतो, तो लावून दिला की पोरं नुसती चित्र बघतात आणि आपण समजतो वाचतायत! म्हणून पहिल्यांदा आवाज बंद, मांडीवर घेऊन तुम्हीच वाचा, वाचताना शब्दाखालनं बोट सरकवत न्या. 'किल्ला' सारख्या शब्दाला जरा थांबा, कारण पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी पण म्हणायची नंतर, त्यात परत जोडाक्षर, पोरं नेमकी तिथेच अडकतात. लगेच सांगू नका, थोडं झगडू द्या. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत, कंटाळा तुम्हाला येईल, त्यांना नाही येत. तेव्हा हवा तर आवाज लावा.

आणि हो, आधी गोष्ट डाउनलोड करून ठेवा आणि मग फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच आजीचा व्हिडिओ कॉल येतो आणि वाचन संपलंच समजा. आवडलेल्या गोष्टीची पीडीएफ निघते, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या.