आईबाबांना हॉर्मोनच्या गोळ्या द्यायच्या आधी काय काय बघायचं

कुणी अमेरिकेहून येणार असलं की आईबाबांसाठी सप्लिमेंटच्या बाटल्या हमखास येतात, डीएचईए, झोपेसाठीचं मेलाटोनिन, पुरुषांसाठीचं अजून काहीतरी, आणि इकडे आईबाबा मुलानं प्रेमानं पाठवलंय म्हणून काही न विचारता घ्यायला लागतात. तिकडे १९९४ च्या कायद्यामुळे डीएचईए सप्लिमेंट म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे ते साधं टॉनिक असणार असं वाटतं, पण आहे ते हॉर्मोनच, शरीरात त्याचं पुढे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) आणि इस्ट्रोजेन (बायकी हॉर्मोन) बनतं. म्हणून असलं काही सुरू करायच्या आधी काय बघायचं ते नीट लिहितेय.

सगळ्यात आधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका टेबलावर काढा. सगळ्या म्हणजे बीपी-शुगरच्या, थायरॉइडच्या, केसांच्या, आयुर्वेदिक, परदेशातून आलेल्या, आणि ती गुडघेदुखीची पुडीसुद्धा, जी कुणीतरी कुठल्यातरी गावाहून आणून देतं आणि जिच्यावर ना नाव असतं ना कंपनी. मला सगळ्यात जास्त काळजी त्या पुडीची वाटते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं बरेचदा सापडलंय, आणि स्टेरॉइड हे पण हॉर्मोनच की, म्हणून तर दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, भूक लागते, तरतरी येते आणि सगळे म्हणतात वा काय गुण आहे. मग काही महिन्यांत चेहरा गोल होतो, शुगर वर जाते, कातडी पातळ होऊन जरा कुठे लागलं की काळंनिळं, हाडं ठिसूळ. आणि हे कळल्यावर रागानं पुडी एकदम बंद करू नका प्लीज, कारण बरेच दिवस घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनणं मंदावलेलं असतं, अचानक थांबवलं तर उलट्या, बीपी पडणं, ॲडमिट करायची वेळ येऊ शकते. पुडी सोबत घेऊन फिजिशियनकडे जा, डोस हळूहळू कसा कमी करायचा ते त्यांना ठरवू दे.

पुरुषांच्या 'पॉवर' कॅप्सूलचं पण तसंच, काहींमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घातलेलं सापडतं, आणि बाबा हार्टसाठी सॉर्बिट्रेट घेत असतील तर दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की जिवावर बेतेल. बाबा लाजेनं सांगणार नाहीत, आपणच विचारायचं.

मग टेस्ट. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, त्यानं थायरॉइड आणि इतर हॉर्मोनचे रिपोर्ट चुकू शकतात, त्यामुळे निदान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर किती आधी ते डॉक्टरांना विचारा. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी करायचं, कमी आलं तर वेगळ्या दिवशी परत करायचं, आणि एकाच रिपोर्टवर कुणी इंजेक्शन सुरू करा म्हणत असेल तर सरळ दुसरा डॉक्टर बघा. वयानुसार आकडे उतरतातच हो! डीएचईए विशीत भरपूर असतं आणि सत्तरीपर्यंत त्याच्या १०-२० टक्केच उरतं, म्हणून ते भरून काढलं की तरुण होऊ असं वाटणं साहजिक आहे, पण मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी साठीपुढच्या लोकांना दोन वर्षं देऊन बघितलं, २००६ ला ते छापून आलं, रक्तातला आकडा छान वर गेला आणि ताकद, चरबी, इन्सुलिन, रोजचं बरं वाटणं यात काही फरक नाही. मेलाटोनिनचं एवढंच की बाटलीवरचा आकडा खरा असेलच असं नाही, कॅनडात २०१७ साली तपासलं तर एकीत तर लिहिलंय त्याच्या जवळजवळ सहापट निघालं.

हे झालं नको तिथलं. पण जिथे हॉर्मोनचा खरंच उपयोग होतो तिथे आपल्या बायका मागतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते आणि मग रात्र रात्र घामानं भिजून जागणं, चिडचिड, सगळं 'वयच आहे' म्हणून सोसतात. २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानं एचआरटीची, म्हणजे पाळी गेल्यावर हॉर्मोन देण्याच्या उपचाराची, जी भीती बसली ती अजून आहे, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी नुकतीच गेलेल्या बायका त्या नव्हत्या. वय साठीच्या आत, पाळी जाऊन १० वर्षं झालेली नाहीत, आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गुठळी, स्ट्रोक, हार्ट किंवा लिव्हरचा आजार नाही, तर गायनॅककडे स्वतःहून विषय काढा. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, नाहीतर आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गोळीपेक्षा जेल किंवा पॅचमध्ये गुठळीची भीती कमी, तेही विचारा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडं जरी रक्त दिसलं तरी थांबू नका, लगेच दाखवा.

राहिलं व्हिटॅमिन डी, तेही शरीरात हॉर्मोनसारखंच काम करतं. ६०,००० युनिटची गोळी किंवा पावडर आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच असते, काहीजण ती चुकून रोज घेतात नाहीतर चिठ्ठी संपली तरी महिनोन्महिने चालू ठेवतात. मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) तपासून घ्या.