रेव्हिटमध्ये सर्व्हेच्या रेघा वाकड्या दिसतात? या चुका टाळा

सर्व्हेअरची फाईल ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की सगळं जागच्या जागी असतं. झाडाचं वर्तुळ गोल, कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) सलग, हद्द सरळ. तीच फाईल रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की वर्तुळाला कोपरे फुटतात, कंटूर पायऱ्यांसारखे तुटतात, जवळजवळच्या दोन रेघा एकमेकींना चिकटतात. झूम करत गेलं की रेघ थरथरल्यासारखी हलते. मग ऑफिसातलं कुणीतरी त्या वाकड्या रेघेवर अंदाजाने नवी सरळ रेघ मारायला घेतं. तेवढं आधी थांबवा.

कात्रजकडच्या एका प्लॉटवर आम्ही हेच केलं होतं. वाकड्या दिसणाऱ्या हद्दीवरून हद्द पुन्हा काढली, तिच्यावर साईड मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, बसवलं, त्यावरून कॉलम ठरवले. लाईनआउटच्या, म्हणजे प्लॉटवर आखणीच्या, दिवशी टेप धरली तर एका बाजूला मार्जिन दहा-बारा सेंटीमीटर कमी भरलं. खोदाई सुरू झाली नव्हती म्हणून निभावलं. सर्व्हे अचूक होता, आमची फाईल चुकीच्या जागी बसली होती.

हे कशामुळे होतं ते नीट समजून घेतलं, तर निम्म्या चुका आपोआप टळतात. आजकाल बरेच सर्व्हे डीजीपीएसवर (उपग्रहांवरून मोजून), यूटीएम पद्धतीत येतात; यात पृथ्वीचे झोन पाडून प्रत्येक जागा मीटरमध्ये मांडतात. पुणे त्यात ४३ उत्तर या झोनमध्ये येतं. या झोनचा शून्य बिंदू विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात आहे. शनिवारवाड्याच्या आसपासचं ईस्टिंग (शून्यापासून पूर्वेकडचं अंतर) साधारण ३,७९,००० मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) साधारण २०,४८,००० मीटर भरतं. म्हणजे तुमचा प्लॉट त्या शून्यापासून दोन हजार किलोमीटरांहून लांब असतो. रेव्हिटला मात्र सगळी भूमिती आपल्या इंटर्नल ओरिजिनपासून, म्हणजे स्वतःच्या शून्य बिंदूपासून, १६ किलोमीटरच्या आत लागते. पुण्याच्या भाषेत, शनिवारवाड्यापासून हिंजवडीच्या थोडं पुढेपर्यंत.

ऑटोकॅड प्रत्येक आकडा पंधरा-सोळा अंकांपर्यंत जपून ठेवतं. पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्सचं गणित बहुधा सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे साधारण सात अंकांत चालतं. वीस लाख मीटरच्या टप्प्यात या गणिताला एका आकड्यावरून लगेच पुढच्या आकड्यावर जायचं तर १२.५ सेंटीमीटरची उडी मारावी लागते. मधली जागा त्याच्याकडे नाहीच. झाडाच्या वर्तुळाचे बिंदू या उड्यांवर जाऊन बसतात आणि त्याला कोपरे येतात.

तेव्हा दुरुस्ती ऑटोकॅडमध्येच, आणि मूळ फाईल न उघडता, तिच्या कॉपीवर करायची.

कॉपीत सगळे लेयर आधी ऑन आणि थॉ करा (फ्रीझ केलेले उघडा), मग झूम एक्स्टेंट्स, म्हणजे सगळं ड्रॉइंग पडद्यावर. प्लॉट पडद्याच्या एका कोपऱ्यात ठिपक्याएवढा झाला, तर दुसऱ्या टोकाला काहीतरी पडलेलं आहे हे नक्की. बहुतेक वेळा शून्यावर राहिलेला टायटल ब्लॉक निघतो, नाहीतर चुकून पडलेला एखादा पॉइंट. एवढ्या एका ठिपक्याने ड्रॉइंगचा पसारा दोन हजार किलोमीटरचा होतो. फ्रोझन लेयरवरच्या वस्तू झूम एक्स्टेंट्स मोजत नाही, म्हणून लेयर आधी उघडायचे. प्लॉट तेवढा निवडून डब्ल्यूब्लॉकने नव्या फाईलमध्ये काढणं हा मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटतो. ऑडिट (फाईलमधले दोष दुरुस्त करणं) आणि पर्ज (न वापरलेलं काढून टाकणं) तिथेच करून घ्या.

नंतर सरकवणं. इथली नेहमीची चूक म्हणजे यूसीएस (आपण ठरवलेले अक्ष आणि शून्य) बदलायचा आणि फाईल शून्यावर आली असं समजायचं. यूसीएसने फक्त तुमची मोजपट्टी हलते, रेघा तिथेच राहतात. यूसीएस पुन्हा वर्ल्डवर, म्हणजे फाईलच्या मूळ अक्षांवर, आणून बिंदूचे आकडे दाखवणाऱ्या आयडी कमांडने हद्दीचा एक कोपरा तपासा. आकडे अजून लाखांत असतील तर मूव्ह करा. सरकवताना गोल आकडा वजा करावा, समजा ३,७९,००० आणि २०,४८,०००. हे दोन आकडे ड्रॉइंगमध्येच मजकूर म्हणून लिहून ठेवा आणि फाईलच्या नावात ‘शिफ्ट’ शब्द घाला. सहा महिन्यांनी सुधारित सर्व्हे येतो, तेव्हा तोही तेवढाच सरकवला की जुन्यावर बरोबर बसतो. मनाला येईल तिथून उचलून शून्यावर टाकलेली फाईल परत जागेवर न्यायची म्हणजे शोधाशोध.

रेव्हिटमध्ये फाईल इम्पोर्ट करून आत घेण्याऐवजी लिंक करून बाहेरून जोडा आणि जागा ‘इंटर्नल ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन’ ठेवा. ‘सेंटर टू सेंटर’ अनेकांच्या सवयीचं आहे आणि एकाच स्वच्छ फाईलला ते चालतंही. पण प्रत्येक फाईलचं केंद्र वेगळं असतं. ड्रेनेजची फाईल वेगळी आली की ती हद्दीवर बसत नाही, म्हणून मी ते वापरत नाही. लिंक बसल्यावर ‘स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स ॲट पॉइंट’मध्ये एका कोपऱ्याचे खरे ईस्टिंग-नॉर्दिंग भरा. मॉडेल शून्याजवळ राहतं आणि स्पॉट कोऑर्डिनेट (बिंदूचे आकडे दाखवणारी खूण) खरे आकडे दाखवतो.

लिंकच्या त्याच खिडकीत खाली एक टिक असते: ‘करेक्ट लाईन्स दॅट आर स्लाईटली ऑफ ॲक्सिस’. ती आधीपासून लावलेलीच येते आणि माझ्या मते सर्व्हेच्या कामात सगळ्यांत जास्त घात तीच करते. आडव्या किंवा उभ्या दिशेपासून ०.१ अंशाहून कमी कललेली रेघ रेव्हिट न विचारता सरळ करतं. बिल्डिंगच्या प्लॅनला हे सोयीचं आहे. हद्दीच्या बाबतीत मात्र १०० मीटर रेघेचं टोक यामुळे जवळपास साडेसतरा सेंटीमीटर सरकू शकतं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागा आठवा. समोरून अरुंद, आत खोल, आणि एकही भिंत दुसरीशी काटकोनात नाही. तीस मीटर खोलीच्या अशा प्लॉटमध्येही पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, आणि शेजारच्याची भिंत तिथेच उभी असते. हद्दीची फाईल घेताना ही टिक काढा. मग रेव्हिट ‘ऑफ ॲक्सिस’च्या सूचना देऊ लागेल, पण हद्दीची रेघ खरंच कललेली असेल तर ती तशीच राहू द्या. इमारतीच्या ग्रिड लाईन मात्र स्वतः काटकोनात काढा, सर्व्हेच्या रेघांवरून पिक करू नका.

युनिटचं थोडक्यात. सर्व्हे मीटरमध्ये, आपण मिलिमीटरमध्ये, आणि जुन्या फाईलच्या सेटिंगमध्ये इंच. ‘ऑटो डिटेक्ट’वर सोडू नका, हाताने मीटर निवडा आणि एक माहीत असलेली बाजू मोजून बघा.

उंचीचा घोळ लवकर लक्षात येत नाही. पुण्याची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. सर्व्हेतले काही बिंदू त्या खऱ्या उंचीवर आणि बाकीच्या रेघा शून्यावर असतील, तर वरून जुळलेले दिसणारे कोपरे प्रत्यक्षात जुळलेले नसतात, आणि प्लॅनमध्ये काही रेघा दिसतच नाहीत. यासाठी दोन फाईल करा: हद्दीची सपाट, कंटूरची उंचीसह. सगळं सपाट करणारी फ्लॅटन कमांड सरसकट चालवू नका. कंटूरची उंची तर जातेच, शिवाय स्प्लाइन आणि आर्कचे तुकडे होऊ शकतात. हद्दीच्या रेघा निवडून प्रॉपर्टीजमध्ये उंची शून्य केलेली बरी.

इम्पोर्ट केलेली फाईल रेव्हिटमध्ये सुट्या रेघांत फोडायचा, म्हणजे एक्स्प्लोडचा, मोह आवरा. साधारण ०.८ मिलिमीटरपेक्षा छोटी रेघ रेव्हिट ठेवतच नाही, त्यामुळे एक्स्प्लोड केल्यावर बारीक तुकड्यांनी बनलेल्या वळणांत भोकं पडतात. प्रोजेक्टमध्ये नको असलेल्या लाईन स्टाईलचा ढीग साचतो तो वेगळाच. दहा हजारांहून जास्त वस्तू असल्या तर ते एक्स्प्लोड करतही नाही.

सिव्हिल थ्रीडी या जमीन-रस्त्यांच्या कामाच्या सॉफ्टवेअरमधून आलेली फाईल असेल तर सर्व्हेअरकडून साध्या ऑटोकॅडमध्ये एक्स्पोर्ट करून मागा. मोजणीच्या नकाशावरची नावं, गट नंबर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर ती अक्षरं दुसऱ्या मशीनवर भलतीच दिसतात. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून घ्या.

एवढं झाल्यावरही पहिली भिंत काढायची घाई नको. हद्दीच्या सगळ्या कोपऱ्यांवर स्पॉट कोऑर्डिनेट लावा, सर्व्हेअरची यादी शेजारी ठेवा आणि आकडा आकड्याशी ताडून बघा. दोन कर्णही मोजा, एकदा ऑटोकॅडमध्ये, एकदा रेव्हिटमध्ये. आमच्याकडे या कामाला अर्धा तास लागतो. तो कागद सहीसकट प्रोजेक्टच्या फाईलला लावल्याशिवाय आम्ही सेटबॅकची, म्हणजे मार्जिनची, रेघ काढत नाही.