फराळ खवट होऊ नये म्हणून तळणीचं तेल कसं वापरावं

चिवडा दहाव्या दिवशी खवट लागला की दोष डब्याच्या झाकणाला दिला जातो. खरं कारण बहुधा तळणीच्या क्रमात असतं. भजी तळून उरलेलं तेल चिवड्याला वापरलं, की चिवडा डब्यात जाण्याआधीच अर्धा बिघडलेला असतो.

खवटपणा सुरू होतो तो तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांपासून (मेदाम्लं म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या कार्बनच्या लांब साखळ्या). त्यांच्या साखळीत दुहेरी बंध असतात. लिनोलिक आम्ल या मेदाम्लात असे दोन बंध असून त्यांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तो सुटला की साखळीवर हवेतला ऑक्सिजन बसतो, आणि हा नवा रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून स्वतः पेरॉक्साइड होतो. शेजारी उघडा पडला की तोही तेच करतो. एकच बंध असलेल्या ऑलिक आम्लापेक्षा लिनोलिक साधारण १० ते १२ पट वेगाने बिघडतं आणि जवसातलं लिनोलेनिक त्याच्याही दुप्पट. तेलातलं ई जीवनसत्त्व आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं. ते शिल्लक असेपर्यंत काही जाणवत नाही. संपलं की वास झपाट्याने येतो. म्हणजे नाकाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

१. तेल निवडा. तळणीला शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन बरं. सूर्यफूल आणि नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिकचं प्रमाण मोठं, ती फोडणीला ठेवा. जवसाचं तेल तापवूच नका. तैलचित्रांचे रंग वाळतात ते याच क्रियेने, आणि कढईच्या काठावरचा चिकट तपकिरी थरही तोच.

२. क्रम ठरवा. महत्त्वाची पायरी हीच. ताज्या तेलात आधी टिकवायचे पदार्थ तळा: शंकरपाळी, चकली, चिवड्याचे पोहे. भजी, वडे, पुऱ्या म्हणजे त्याच दिवशी संपणारं सगळं शेवटी. पदार्थात मुरलेलं तेल पातळ थरात पसरतं, त्याला कढईतल्या तेलापेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. त्यात आधीच पेरॉक्साइड असेल तर डबा कितीही घट्ट लावा, उपयोग नाही.

३. तापमान सांभाळा. १७० ते १८० अंश सेल्सिअस पुरे. थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी सोडा. ती बुडाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर यायला हवी. दर १० अंशांना बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. घाणा काढल्यावर पुढचा तयार नसेल तर आच बारीक करा. कढई खोल आणि अरुंद तोंडाची घ्या, म्हणजे तेलाला हवा कमी लागते. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं मात्र टाळा, तांबं ही क्रिया पेटवतं. पदार्थाला लागलेलं पाणी टिपून घ्या. पाण्याने मेदाम्लं सुटी होतात आणि तेल कमी तापमानाला धूर सोडू लागतं. (खवट खोबऱ्याची साबणासारखी चव अशाच सुट्या लॉरिक आम्लाची.)

४. गाळा आणि ठेवा. तेल कोमट असताना मलमलच्या फडक्यातून गाळा. करपलेला चुरा राहिला तर बिघाड चालूच राहतो. पूर्ण थंड झाल्यावर स्टीलच्या लहान डब्यात गळ्यापर्यंत भरा, अंधारात ठेवा आणि आठवड्याभरात पोळीला, भाजीला संपवा. ताज्या तेलाच्या डब्यात ते कधीही ओतू नका, पेरॉक्साइडचं विरजण लागतं.

५. फेकायचं कधी? तळताना फेस येऊन तो बसत नसेल, गार तेल मधासारखं ओघळत असेल किंवा १८० अंशांच्या आतच धूर येत असेल तर. नुसत्या रंगावर जाऊ नका: हळद-तिखटाने चांगलं तेलही काळवंडतं. प्रयोगशाळेतला पेरॉक्साइडचा आकडाही फसवतो. तो आधी चढतो, मग पेरॉक्साइड फुटू लागली की उतरतो, म्हणून फार वापरलेल्या तेलाचा आकडा कमी दिसू शकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून वेगळं माप लावलं: एकूण ध्रुवीय संयुगं (तळताना तेल बिघडून तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाद्यपदार्थांसाठी बाद. टाकाऊ तेल मोरीत ओतू नका, थंड झाल्यावर भुशात किंवा जुन्या कागदात मुरवून कचऱ्यात टाका.

पेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड नावाचे लहान रेणू तयार होतात. हेक्सानल आपल्याला वासाने कळतं. ४-हायड्रॉक्सिनोनेनल कळत नाही, आणि घातक तेच. ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतं. पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला बांधून बाहेर काढतं, पण त्याचा साठा अमर्याद नाही. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एलडीएल असंच ऑक्सिजनने बिघडलं की पांढऱ्या पेशी ते गिळून फेसाळ होतात आणि धमनीच्या भिंतीत साचतात. खूप बिघडलेलं तेल खाऊ घातलेल्या प्रयोगातल्या प्राण्यांची वाढ खुंटली, यकृत मोठं झालं, ई जीवनसत्त्व घटलं. माणसांना तेवढा डोस एका वड्यातून मिळत नाही. प्रश्न रोजच्या वापराचा आहे.

धुराचंही तसंच. डोळे झोंबतात ते अॅक्रोलिनमुळे. जास्त तापमानाच्या तळणीचा धूर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या २अ गटात घातला आहे. तेव्हा कढई चढवण्याआधी खिडकी उघडा, पंखा लावा. धूर दिसलाच तर आच बंद करून तेल गार होऊ द्या, त्यात पुढचा घाणा सोडू नका.